शिधा, रॉकेल आणि दक्षिण ध्रुव : स्कॉटच्या मोहिमेचा कोठावळा

दक्षिण ध्रुवाच्या शर्यतीची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेतच ऐकलेली असते. १४ डिसेंबर १९११ ला नॉर्वेचा अमुंडसेन ध्रुवावर पोचला. ब्रिटिश कॅप्टन स्कॉट १७ जानेवारी १९१२ ला पोचला तेव्हा तिथे आधीच नॉर्वेचा झेंडा होता, आणि परतीच्या वाटेवर स्कॉट आणि त्याचे चारही सोबती मेले. ती गोष्ट आज आपण पुन्हा सांगत बसणार नाही. आज आपण त्या मोहिमेचा मोदीखाना उघडून बघणार आहोत. पेशवाईच्या कागदपत्रांत हा शब्द सारखा येतो. लष्कर कुठेही जावो, त्याच्या मागे धान्य, तेल, वैरण यांचा हिशेब ठेवणारं एक खातं असायचं. ध्रुवावर जाणाऱ्या मोहिमेलाही ते लागतंच. आणि आमचं मत असं की, या मोहिमेत काय घडलं ते झेंड्यांपेक्षा या खात्याच्या वह्यांतून जास्त कळतं.

या खात्याचा कारभारी होता लेफ्टनंट हेन्री बॉवर्स. स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकचा, जन्म १८८३ चा. बुटका, दणकट, आणि नाक इतकं मोठं की मंडळी त्याला ‘बर्डी’ म्हणायची. हा गडी नोकरीला होता रॉयल इंडियन मरीनमध्ये. म्हणजे मुंबईच्या गोदीत जिचं मुख्यालय होतं, त्या हिंदुस्थान सरकारच्या आरमारी सेवेत. ब्रह्मदेशात इरावतीवर, मग इराणच्या आखातात, अशी त्याची नोकरी झालेली. बर्फाचा अनुभव शून्य. लंडनच्या गोदीत ‘टेरा नोव्हा’ जहाजावर हजर झाला आणि उघड्या तळघरात एकोणीस फूट खाली लोखंडावर पडला. उठला, कपडे झटकले आणि कामाला लागला. स्कॉटने त्याला घेतलं होतं फक्त जहाजापुरतं. पण न्यूझीलंडला पोचेपर्यंत असं झालं, की कुठली पेटी कुठे आहे हे विचारायचं तर बॉवर्सलाच. स्कॉटने बेत बदलला आणि त्याला किनाऱ्यावरच्या तुकडीत घेतलं.

जहाजात काय काय होतं बघा. साडेचारशे टनांहून जास्त कोळसा. एकोणीस तट्टं, तेहतीस कुत्रे, तीन मोटारस्लेज. बर्फाच्या कोठीत मेंढ्यांची १६२ सोललेली धडं. शिवाय वैरण, पेट्रोल, रॉकेल, लाकडी घराचे सुटे भाग, हवामानाची यंत्रं, एक पियानोला. २९ नोव्हेंबर १९१० ला जहाजाने न्यूझीलंड सोडलं आणि दोनच दिवसांत वादळात सापडलं. कोळशाची भुकटी आणि तेल यांचे गोळे होऊन पंप तुंबले. अधिकारी, शास्त्रज्ञ, खलाशी सगळे रांग लावून बादल्यांनी पाणी उपसत होते. वादळ ओसरल्यावर हिशेब झाला : दोन तट्टं, एक कुत्रा, दहा टन कोळसा, पासष्ट गॅलन पेट्रोल आणि जीवशास्त्रज्ञांच्या नमुन्यांसाठी आणलेल्या स्पिरिटची एक पेटी गेली. पुढे जानेवारीत माल उतरवताना एक मोटारस्लेज बर्फ फुटून समुद्रात गेली. उरल्या दोन.

रॉस बेटावर केप इव्हान्सला त्यांनी घर उभारलं. पन्नास फूट लांब, पंचवीस फूट रुंद. लाकडी भिंती दुहेरी, आणि मधे वाळवलेल्या समुद्री गवताच्या गोधड्या भरलेल्या. एवढ्या जागेत पंचवीस माणसांनी १९११ चा हिवाळा काढला. एप्रिलच्या शेवटी सूर्य जातो, तो ऑगस्टच्या शेवटी परत दिसतो. दिवे अ‍ॅसिटिलीनचे. आपल्याकडे जत्रेत गाड्यांवर कार्बाइडचे दिवे असायचे, तोच वायू.

घराच्या मधे भिंत होती, तीही खाण्याच्या पेट्यांची रचलेली. एका बाजूला सोळा अधिकारी आणि शास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला नऊ खलाशी आणि नोकरमाणसं. जगाच्या टोकाला जाऊनही हा पंक्तिभेद सुटला नाही! पण चूल एकच आणि स्वयंपाकी एकच, क्लिसोल्ड. पाव रोज ताजा. कणीक फुगून ठरावीक उंचीवर आली की विजेचं मंडल जुळून घंटी वाजेल, असं एक यंत्र या क्लिसोल्डने करून ठेवलं होतं. शास्त्रज्ञांच्या घरात राहून स्वयंपाकीही प्रयोग करायला लागला, असं म्हणू. खायला सीलचं मांस, सीलची कलेजी, अधूनमधून मटण. पाणी म्हणजे बर्फ फोडून आणायचा आणि वितळवायचा. हे वाक्य लक्षात ठेवा, याकडे आपल्याला परत यायचं आहे.

रोज रात्री एक जण पाळीने जागा. त्याने चूल धगती ठेवायची, ठरलेल्या वेळी बाहेर जाऊन ध्रुवीय प्रकाशाची नोंद करायची. बदल्यात त्याला निवांतपणे अंघोळ करता यायची, कपडे धुता यायचे. बाकीच्यांना ती चैन नव्हती. घराच्या उत्तरेच्या भिंतीला लागून तबेला. तिथे कॅप्टन ओट्स सीलच्या चरबीवर चालणारी शेगडी पेटवून तट्टांच्या सोबत बसायचा. हा ओट्सही आपल्याकडचाच. म्हणजे त्याची पलटण इंदूरजवळ महूला होती आणि तिथूनच तो मोहिमेत आला, वर हजार पौंड स्वतःचे देऊन. मंचूरियाहून आणलेली ही तट्टं त्याला पहिल्या दिवसापासून पसंत नव्हती.

आणि हिवाळ्यात आठवड्यातून तीन दिवस चक्क व्याख्यानं! सिम्प्सन हवामानावर, राइट बर्फावर, विल्सन पक्ष्यांवर, ओट्स घोड्यांच्या निगेवर, आणि फोटोग्राफर पॉन्टिंग जपान आणि ब्रह्मदेशाच्या चित्रांसह. बॉवर्सने व्याख्यान दिलं ते स्लेजवरच्या शिध्यावर. आधीच्या मोहिमांनी माणशी किती आणि काय नेलं, हे सगळं त्याने वाचून मांडलं.

सिम्प्सनबद्दल थोडं सांगायला हवं. जॉर्ज सिम्प्सन हा हिंदुस्थानच्या हवामान खात्याचा माणूस, सिमल्याहून रजेवर आलेला. ध्रुवाकडच्या मोहिमेत याला रस कशाला, तर हवेची सगळ्या पृथ्वीवरची घडी समजायची असेल तर दक्षिण टोकाचे आकडे लागतात. घराच्या एका कोपऱ्यात त्याची यंत्रं टिकटिकत असायची. बारीक रेशमी दोरा बांधून तो फुगे सोडायचा. फुग्यासोबत नोंद करणारं छोटं यंत्र जायचं, ते ठरावीक उंचीवर सुटून पडायचं, आणि मग बर्फात दोऱ्याच्या मागाने ते शोधत फिरायचं. बॉवर्सला याचीही गोडी लागली. वादळ असो नसो, लांबच्या बर्फावर ठेवलेले तापमापक बघायला हा निघालाच.

जून १९११ च्या शेवटी विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड असे तिघे भर काळोखात केप क्रोझियरला गेले. कारण होतं एम्परर पेंग्विनची अंडी. हा पक्षी हिवाळ्यात अंडी घालतो, आणि त्यातल्या गर्भावरून पक्ष्यांच्या उत्पत्तीवर प्रकाश पडेल अशी तेव्हा समजूत होती. तापमान उणे साठ अंशांच्याही खाली गेलं. श्वासाची आणि घामाची वाफ गोठून झोपायच्या पिशव्यांचं वजन दुपटीच्या आसपास गेलं. तंबू वादळात उडाला आणि नशिबाने परत सापडला. पाच आठवड्यांनी तीन अंडी घेऊन ते परतले.

या प्रवासाचं दुसरं काम मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. तिघांनी तीन वेगळे शिधे नेले होते. एकाला बिस्किटं जास्त, एकाला लोणी जास्त, एकाला पेमिकन जास्त. पेमिकन म्हणजे वाळवलेलं मांस कुटून चरबीत मिसळलेला गोळा. त्यात बिस्किटं चुरून उकळलं की होणाऱ्या रश्शाला ते ‘हूश’ म्हणत. हे तिघे एकमेकांच्या जेवणाकडे बघत, अदलाबदल करत, कुणाला कशाची वखवख सुटते ते नोंदवत होते. त्यातून ध्रुवाच्या पठारासाठी रोजचा माणशी शिधा ठरला : बिस्किटं सुमारे ४५० ग्रॅम, पेमिकन ३४०, साखर ८५, लोणी ५७, आणि चहा-कोको मिळून चाळीसएक ग्रॅम. सगळं मिळून किलोला थोडं कमी, साधारण ४,५०० कॅलरी. त्या काळी इतका तपासून ठरवलेला शिधा दुसऱ्या कुणी क्वचितच नेला असेल. पण स्लेज स्वतः ओढणाऱ्या माणसाला त्या थंडीत सहा हजार किंवा त्याहूनही जास्त कॅलरी लागतात, हे आज आपल्याला माहीत आहे. म्हणजे पोटभर जेवूनही माणूस रोज झिजत होता.

आता प्रत्यक्ष रसद. केप इव्हान्सपासून ध्रुवापर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे सुमारे २,८०० किलोमीटर. तेवढं अन्न कुणी एकदम ओढू शकत नाही. म्हणून वाटेत साठे पेरायचे. आदल्याच उन्हाळ्यात, फेब्रुवारी १९११ मध्ये, ‘वन टन’ नावाचा मोठा साठा ठेवला गेला. तो ८० अंशांवर ठेवायचा होता. तट्टं थकली. ओट्सचं म्हणणं, पुढे चला, तट्टू पडलं तर त्याचं मांस होईल. स्कॉटला ते बघवेना. साठा पन्नासएक किलोमीटर अलीकडे पुरला. आणि इतकं जपूनही, नेलेल्या आठ तट्टांपैकी दोनच घरी परतली. काही थंडीने गेली, काही समुद्रावरचा बर्फ फुटून.

१ नोव्हेंबर १९११ ला मुख्य कूच. मोटारी आधी गेल्या होत्या, त्या लवकरच बंद पडल्या. तट्टं एकेक करून मारली गेली, शेवटची ९ डिसेंबरला. कुत्रे परत फिरले. मग बारा माणसं हिमनदी चढली. त्यातली चार परतली, आठ पुढे गेली. प्रत्येक तुकडी पुढच्यांसाठी ओझं वाहायची, साठा ठेवायची आणि मागे वळायची. पायाशी रुंद आणि टोकाला निमुळता असा हा हिशेब. सगळी मोजणी चार माणसांच्या तुकडीवर बसवलेली. तंबू चौघांचा, शेगडी चौघांची, शिध्याची एक पिशवी म्हणजे चौघांचा आठवडा.

आणि ४ जानेवारी १९१२ ला शेवटची तुकडी मागे वळली तेव्हा स्कॉटने चौघांऐवजी पाच जण पुढे नेले. पाचवा कोण? बॉवर्स. ज्याने चाराचा हिशेब बांधला तोच पाचवा! त्याच्या स्की चार दिवसांपूर्वी मागे ठेवल्या होत्या, म्हणून चौघे स्कीवर आणि हा पायी. पाच जणांचं शिजवायला दिवसाकाठी अर्धा तास जास्त जातो, हे स्कॉटने दुसऱ्याच दिवशी लिहून ठेवलं आहे. अर्धा तास म्हणजे अर्ध्या तासाचं रॉकेल. इकडे मागे फिरलेल्या तिघांना वाटेतल्या प्रत्येक साठ्यावर चौघांच्या पिशवीतून आपला वाटा मोजून काढावा लागला. हा निर्णय स्कॉटने का घेतला यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. आम्हाला तो उमदेपणाचा वाटतो आणि चुकीचाही.

रॉकेलचं बोलूया. शेगडी म्हणजे प्रायमस. आपल्यातल्या ज्येष्ठांना प्रायमस समजावून सांगायला नको. पिन, पंप, भकभक आवाज आणि तो वास. आणि पंपाचा चामड्याचा वायसर सुकला की स्टोव्ह रुसून बसतो, हेही घरोघरी माहीत होतं. स्कॉटच्या रॉकेलच्या डब्यांच्या झाकणांना असेच चामड्याचे वायसर होते. थंडीत चामडं आकसलं, उन्हाळ्याच्या उन्हात डबे तापून आतली वाफ बाहेर पडत राहिली, आणि साठ्यांवर न उघडलेल्या डब्यांतूनही तेल कमी झालं. २४ फेब्रुवारीला पहिल्यांदा लक्षात आलं, २ मार्चच्या साठ्यावर पुन्हा तेच. अमुंडसेनने त्याचे डबे डाग देऊन बंद केले होते.

तेल नाही म्हणजे फक्त ऊब नाही असं नव्हे. मघाशी जे लक्षात ठेवायला सांगितलं ते इथे येतं. अंटार्क्टिकात पाणी शेगडीतून येतं. पायाखाली दोन-तीन किलोमीटर जाडीचा गोड्या पाण्याचा बर्फ आणि माणूस तहानलेला, अशी तिथली स्थिती असते. ओले मोजे सुकवायलाही उष्णता लागते, आणि मोजे सुकले नाहीत तर पाय जातात. ओट्सचे गेलेच.

दुसरी उणीव कुणालाच दिसत नव्हती. त्या तपासून ठरवलेल्या शिध्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच. ‘व्हिटॅमिन’ हा शब्दच मुळी १९१२ चा. हिवाळी व्याख्यानांत डॉक्टर अ‍ॅटकिन्सनने स्कर्व्हीवर सांगितलं होतं, पण तेव्हाचं वैद्यकशास्त्र रक्तातलं आम्ल आणि बिघडलेलं अन्न यांच्याभोवती घुटमळत होतं. शेवटच्या परतलेल्या तिघांतला लेफ्टनंट एव्हन्स स्कर्व्हीने मरायला टेकला. लॅशली आणि क्रीन या दोन खलाशांनी त्याला स्लेजवर घालून ओढत आणलं. शेवटी लॅशली त्याच्यापाशी थांबला आणि क्रीन खिशात तीन बिस्किटं नि दोन चॉकलेटच्या कांड्या घेऊन एकटा छप्पन किलोमीटर चालत मदतीला गेला. तिघेही वाचले. ध्रुवावर गेलेल्या पाच जणांना स्कर्व्ही झाला होता की नाही, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

याच्या शेजारी एक उदाहरण ठेवतो. याच मोहिमेची सहा माणसांची उत्तरेकडची तुकडी, कॅम्पबेलची, जहाज घ्यायला येऊ न शकल्यामुळे १९१२ च्या हिवाळ्यात अडकली. घर नाही, कपडे उन्हाळ्याचे, अन्न काही आठवड्यांचं. त्यांनी बर्फात गुहा खोदली, चरबीचे दिवे लावले, आणि भूशास्त्रज्ञ प्रीस्टली कोठावळा झाला. साखर आणि मनुका मोजून वाटायचा. बाकी सगळा वेळ ताजं सील आणि पेंग्विन. काजळीने काळे झाले, पोटं बिघडली, पण स्कर्व्ही नाही. सहाच्या सहा चालत घरी आले.

तिकडे पाच जणांपैकी एडगर एव्हन्स १७ फेब्रुवारीला गेला. ओट्स मार्चच्या मध्यावर वादळात तंबूतून बाहेर पडला तो परतला नाही. वन टनच्या साठ्यावर चेरी-गॅरार्ड आणि दिमित्री हा रशियन कुत्रेवाला ३ ते १० मार्च वाट बघत थांबले होते. पण कुत्र्यांचा शिधा तिथे आधी पोचवायचा राहून गेला होता, म्हणून पुढे जाणं त्यांना परवडेना. उरलेल्या तिघांचा शेवटचा तंबू पडला तो वन टनपासून सुमारे वीस किलोमीटरवर. स्कॉटची शेवटची नोंद २९ मार्चची. साठा ८० अंशांवर असता तर ते तो ओलांडून आले असते.

शोधायला गेलं कोण? इथे पुन्हा आपल्याकडचे येतात. ओट्सने आधीच सुचवून ठेवलं होतं की, पुढच्या वर्षी तट्टांऐवजी हिमालयातली खेचरं मागवा. हिंदुस्थान सरकारने शिकवून तयार केलेली सात खेचरं दिली, बर्फाचे चष्मे आणि बर्फात पाय रुतू नये म्हणून पायांना बांधायच्या जाळ्या यांसकट. नावं ऐका : लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी, खान साहिब. फेब्रुवारी १९१२ मध्ये ती केप इव्हान्सला उतरली. मोठी लहरी जात. स्वतःचा खुराक टाकून दोर आणि चहाचा चोथा खायची. पण १२ नोव्हेंबर १९१२ ला स्कॉटचा तंबू सापडला तेव्हा तिथवरचं ओझं याच खेचरांनी ओढलं होतं.

तंबूपाशी स्लेज होती. स्लेजवर सोळा किलो दगड. ८ फेब्रुवारीला हिमनदीच्या माथ्याजवळ विल्सनने ते गोळा केले होते आणि शेवटपर्यंत कुणी टाकले नाहीत. सोळा किलो म्हणजे एका माणसाचा सोळा दिवसांचा शिधा, असा हिशेब कुणीही करेल. पण दगड टाकले असते तरी ते वाचले नसते, असं आम्हाला वाटतं. कारण नड तेलाची आणि थंडीची होती. १९१४ मध्ये केंब्रिजच्या सीवर्डने त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिस या वनस्पतीची पानं ओळखली. चंद्रपूर-वणीकडच्या कोळशाच्या थरांत सापडते तीच. त्या थरांना भूशास्त्रज्ञांनी गोंडांच्या मुलखावरून ‘गोंडवन’ नाव दिलेलं होतं. अंटार्क्टिका एके काळी या गोंडवन भूमीचा भाग होती याचा तो मोठा पुरावा ठरला.

तंबूत आणखी एक गोष्ट मिळाली : बॉवर्सची हवामानाची वही. पाच माणसांचं सामान, शिध्याचा हिशेब, सूर्याची मोजमापं हे सगळं सांभाळून त्याने ध्रुवापर्यंत आणि परतीच्या वाटेवरही तापमानाचे आकडे लिहिले. सिम्प्सन तोवर हिंदुस्थानात परतला होता. हे आकडे त्याच्याकडे आले. मोहिमेच्या हवामान अहवालाचा पहिला खंड १९१९ मध्ये कलकत्त्यात छापला गेला. पुढे १९२३ मध्ये सिम्प्सनने ‘स्कॉटचा प्रवास आणि हवामान’ याच विषयावर व्याख्यान दिलं, आणि आकडे मांडून दाखवलं की त्या मार्चमधली थंडी नेहमीपेक्षा फारच कडक होती. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन शास्त्रज्ञ सुझन सॉलोमन यांनी नंतरच्या स्वयंचलित केंद्रांच्या नोंदींशी ते आकडे ताडून बघितले, आणि त्यांचाही निष्कर्ष तसाच निघाला.

बॉवर्सने आकडे लिहिताना पेन्सिल वापरली. शाई गोठते. आता प्रश्न घेऊ.